चाळीस मेगावॉटची दहा वर्षं: प्रादेशिक आर्थिक सहकार्यात राजनैतिक अधिकारी नेमकं काय करतो?

प्रश्न विचारणारा अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि परराष्ट्र सेवेची तयारी करतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सार्क (दक्षिण आशियाई देशांची संघटना), बिमस्टेक (बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची संघटना) यांच्या बैठका होतात, जाहीरनामे निघतात, फोटो छापून येतात, पण दक्षिण आशियातले देश आपसांत फारसा व्यापार करत नाहीत. मग या विषयाच्या टेबलावर बसलेला राजनैतिक अधिकारी दिवसभर करतो काय? त्यातून काही निष्पन्न होतं का? आणि नोकरीत हे काम मागून घ्यावं का?

मी या सेवेत तीस वर्षांहून जास्त काळ होतो. त्यातली बरीच वर्षं शेजारी देशांच्या राजधान्यांत आणि दिल्लीत याच विषयावर गेली. तुमच्या प्रश्नाचा मधला भाग आधी घेतो. काही निष्पन्न होतं का हे नीट पाहिलं, की दिवसभर काय चालतं तेही कळतं.

१५ नोव्हेंबर २०२४ रोजी नेपाळची वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशात पोचली. फक्त ४० मेगावॉट. तीही त्या वर्षी एका दिवसापुरती, कारण करारात पुरवठ्याचा काळ दरवर्षी १५ जून ते १५ नोव्हेंबर असा आहे आणि त्या वर्षीचा शेवटचा दिवस तोच होता. एखाद्या मध्यम शहराच्या गरजेपुढेही ही वीज तोकडी आहे. तरीही मी त्या दिवशी बातमी दोनदा वाचली. दक्षिण आशियात एका देशाने तिसऱ्या देशाच्या जमिनीवरून दुसऱ्याला वीज विकण्याची ही पहिली वेळ होती.

आता मागे जाऊ. पावसाळ्यात नेपाळच्या नद्या दुथडी भरतात आणि जलविद्युत केंद्रं गरजेपेक्षा जास्त वीज तयार करतात. हिवाळ्यात पाणी आटतं आणि नेपाळ भारताकडून वीज घेतो. बांगलादेशाला उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या उकाड्यात वीज कमी पडते. नकाशावर या दोघांच्या मध्ये सिलिगुडीपाशी भारताची वीस-बावीस किलोमीटरची पट्टी आहे. शाळकरी मुलालाही पटेल असा हा सौदा. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क शिखर परिषदेत विजेच्या सहकार्याचा चौकट करार झाला. त्याच परिषदेत मोटार वाहनांचा आणि रेल्वेचा करारही व्हायचा होता, तो पाकिस्तानच्या हरकतीमुळे अडला. विजेचा करारही अडतो की काय अशी स्थिती होती. शेवटच्या दिवशी, नेते धुलिखेलला एकत्र आले तेव्हा तो सुटला.

त्या सहीपासून पहिल्या युनिटपर्यंत दहा वर्षं गेली. ती कुठे गेली ते सांगतो.

डिसेंबर २०१६ मध्ये भारताच्या ऊर्जा मंत्रालयाने सीमापार विजेच्या व्यापारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत शेजारी देशातल्या प्रकल्पात भारतीय मालकी ५१ टक्के असेल किंवा तो प्रकल्प तिथल्या सरकारचाच असेल तर वाट सोपी होती; बाकीच्यांना प्रत्येक प्रकरणी वेगळी परवानगी. तिसऱ्या देशाला वीज विकण्याची वाट तर मोकळी नव्हतीच. नेपाळ आणि भूतान दोघेही नाराज झाले. त्यांच्या बाजूने पाहा: गुंतवणूक दुसऱ्याची, नदी आमची, आणि गिऱ्हाईक मात्र तुम्ही ठरवणार. दिल्लीच्या बाजूने पाहिलं तर ग्रीडची, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, सुरक्षा हा खरा प्रश्न होता आणि तिसऱ्या कुणाचा पैसा शेजारच्या धरणांत येतो आहे हाही खरा प्रश्न होता. डिसेंबर २०१८ मध्ये त्या सूचना बदलल्या आणि त्रिपक्षीय व्यवहाराला जागा मिळाली.

या दोन कागदांच्या मधली दोन वर्षं म्हणजे आमचं काम. वर्तमानपत्रात त्याचं एक वाक्यही येत नाही. काठमांडू आणि थिंफूहून दूतावास लिहीत राहतात की इथे नाराजी कुठल्या शब्दावर आहे, कुठल्या मुद्द्यावर फक्त बोलायचं म्हणून बोलतात आणि कुठला मुद्दा खरोखर त्यांच्या संसदेत पेटेल. दिल्लीत ते पत्र घेऊन कुणीतरी ऊर्जा मंत्रालयात जातो. तिथे त्याला विचारतात की तुम्ही आमच्या बाजूचे की त्यांच्या? हा प्रश्न मला नोकरीभर विचारला गेला. त्याचं खरं उत्तर असं, की समोरच्याची अडचण माझ्या सरकारला अचूक सांगणं हीच माझ्या सरकारची चाकरी आहे. गोड करून सांगितली तरी फसवणूक, तिखट करून सांगितली तरी फसवणूक.

त्यानंतर अभियंते आणि व्यापारी कंपन्या आल्या. नेपाळमधल्या ढल्केबरपासून मुझफ्फरपूरपर्यंतची वाहिनी, बहरमपूरपासून बांगलादेशातल्या भेडामाराकडे जाणारी वाहिनी, दर किती (युनिटला ६.४ अमेरिकन सेंट ठरला), मोजणी कुठे (मुझफ्फरपूरला), तिथपर्यंतची गळती कुणाच्या खात्यात, पैसे कुठल्या चलनात. सही २८ जुलै २०२४ ला ठरली होती. बांगलादेशात आंदोलन पेटलं, सही पुढे गेली, ऑगस्टच्या सुरुवातीला तिथलं सरकारच गेलं. माझ्या अनुभवाने सांगतो, अशा वेळी बहुतेक फायली कायमच्या थंड पडतात. ही पडली नाही. ३ ऑक्टोबरला काठमांडूत तिन्ही देशांच्या वीज कंपन्यांनी सह्या केल्या.

तुमच्या प्रश्नातला दिवसभर म्हणजे यातला एखादा दिवस. सकाळी दूतावासाकडून आलेल्या तारा वाचायच्या (आता त्या संगणकावर येतात, पण आम्ही अजून तारच म्हणतो). मग एक आंतरमंत्रालयीन बैठक, दुपारी शेजारी देशाच्या उच्चायुक्तालयातला समकक्ष अधिकारी भेटायला येतो, संध्याकाळी मंत्र्यांसाठी दोन पानी टिपण. त्यातला सर्वात जड भाग बैठकीचा, आणि ती बैठक परक्यांशी नसते, आपल्याच लोकांशी असते.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण बाहेरून हे दिसतच नाही. समजा, सीमेवरून ट्रक न थांबता पलीकडे जावा एवढीच साधी कल्पना आहे. वाणिज्य मंत्रालय विचारतं, यातून आपल्या कुठल्या उद्योगावर ताण येईल? महसूल विभाग म्हणतो, मधेच माल उतरवून विकला तर शुल्क बुडेल, हमी कोण देणार? गृह मंत्रालयाला चालकाची ओळख आणि परतीची तारीख हवी. रस्ते वाहतूक मंत्रालयाला विमा आणि धुराची मानकं जुळवायची आहेत. कृषी खात्याला लाकडी खोक्यातून कीड येईल ही काळजी. यातलं कुणीही हटवादी नाही. प्रत्येक जण कायद्याने दिलेलं स्वतःचं काम करतो आहे, आणि नुकसान झालं तर जाब त्यालाच विचारला जाणार आहे. सहकार्यातून होणाऱ्या फायद्याचं श्रेय मात्र यातल्या कुणाच्याच नावावर जमा होत नाही. म्हणून नकार देणं प्रत्येकाला स्वस्त पडतं. आमचं कौशल्य असलंच तर इथे लागतं: त्या अधिकाऱ्याची खरी भीती कोणती ते ओळखायचं आणि ती मसुद्यातल्या एका कलमात उतरवून द्यायची, म्हणजे उद्या जाब विचारला गेला तर त्याच्या हातात कागद असेल. माझ्या सुरुवातीच्या काळात मी भाषणं देत असे, शेजाऱ्यांचं महत्त्व पटवत असे. पुढे कळलं की समोरच्याला महत्त्व पटलेलंच असतं, त्याला कलम हवं असतं.

घरच्या या वाटाघाटीत राज्यंही येतात. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार व्हायचा होता. पश्चिम बंगालच्या मुख्यमंत्री ममता बॅनर्जी यांनी आयत्या वेळी दौऱ्यातून अंग काढून घेतलं आणि करार राहिला. मग बांगलादेशानेही पारगमनाच्या, म्हणजे आपला माल त्यांच्या जमिनीवरून नेऊ देण्याच्या, कागदावर सही केली नाही. पाणी अडलं म्हणून रस्ता अडला. आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार घटनेने केंद्राला दिला आहे, पण पाणी जिथून वाहतं त्या राज्याची हरकत कुठल्याही पंतप्रधानाला ओलांडता येत नाही, आणि माझ्या मते सहज ओलांडता येऊही नये. चूक होती ती राज्याला उशिरा विचारण्याची. त्याच दौऱ्यात सीमा कराराचा मसुदा मात्र पुढे सरकला. १९७४ साली झालेला तो करार २०१५ मध्ये शंभराव्या घटनादुरुस्तीनंतर अमलात आला आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या भारताच्या १११ आणि बांगलादेशाच्या ५१ वस्त्यांची अदलाबदल झाली. ज्या माणसांना जवळपास सात दशकं धड कुठलंच सरकार नव्हतं, त्यांना ते मिळालं. याला कुणी आर्थिक सहकार्य म्हणणार नाही. पण सीमा कुठे आहे हेच ठरलेलं नसेल तर तपासणी नाका कुठे बांधणार?

आता मसुद्याच्या भाषेबद्दल, कारण तुम्ही अर्थशास्त्राचे आहात आणि तुम्हाला हा भाग कोरडा वाटण्याचा धोका आहे. बहुपक्षीय वाटाघाटीत ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकटी कंसात टाकतात. पहिल्या मसुद्यात पानंच्या पानं कंसात असतात. एकेका फेरीत कंस उठवत जायचे. शेवटी दोन-तीन उरतात आणि ते सोडवायला पहाट होते. ‘सदस्य देश परवानगी देतील’ आणि ‘सदस्य देश परवानगी देण्याचा प्रयत्न करतील’ या दोन वाक्यांत अख्खा करार मावतो. दुसऱ्या वाक्याने कुणीच बांधलं जात नाही. मी स्वतः अनेकदा दुसरं वाक्य स्वीकारलं आहे, कारण पहिल्याचा आग्रह धरला असता तर करारच झाला नसता आणि पुढच्या वर्षी बोलायला टेबलच उरलं नसतं. काही वेळा ते बरोबर ठरलं. काही वेळा मला वाटतं की तेव्हा उठून यायला हवं होतं. पोकळ करार झाला की सगळे समाधानाने घरी जातात आणि खरा प्रश्न दहा वर्षं कुणी उघडत नाही.

यापेक्षाही जास्त अर्थ भरलेला भाग म्हणजे मालाच्या मूळ देशाचे नियम. शुल्क माफ करायचं ते शेजारच्या देशात बनलेल्या मालाला. पण बनलेला म्हणजे काय? दक्षिण आशियाई मुक्त व्यापार कराराने, म्हणजे जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या साफ्टाने, स्थानिक मूल्यवृद्धी, म्हणजे मालाच्या किमतीतला त्या देशात तयार झालेला वाटा, साधारण ४० टक्के हवी असं ठरवलं. श्रीलंकेसाठी ३५ आणि अल्पविकसित देशांसाठी ३०. हे आकडे नुसते आकडे नव्हेत. कच्चा माल आयात करून कपडे शिवणाऱ्या देशाला ४० आणि ३० मधल्या फरकाने कारखाना उभा करता येतो किंवा येत नाही.

नियम ढिला राहिला तर काय होतं ते आम्ही भारत-श्रीलंका करारात शिकलो. तो डिसेंबर १९९८ मध्ये झाला आणि मार्च २००० पासून लागू झाला. भारतात पामतेलावर शुल्क जास्त होतं, श्रीलंकेत कमी. मग भारतीय उद्योजकांनीच तिकडे वनस्पती तुपाचे कारखाने काढले. पामतेल बाहेरून आणायचं, तिथे त्यावर प्रक्रिया करायची आणि शुल्कमुक्त भारतात पाठवायचं. तांब्याच्या बाबतीतही तेच झालं. कागदोपत्री सगळं नियमात. इथले उत्पादक संतापले, भारताने वनस्पती तुपाला वार्षिक मर्यादा घातली, तिकडचे कारखाने अडचणीत आले आणि श्रीलंकेत पक्कं मत झालं की भारत देतो ते परत घेतो. त्या करारातून श्रीलंकेच्या इतर मालालाही भारताची बाजारपेठ मिळाली होती, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते तूप आणि तांबं. एका तांत्रिक परिशिष्टातली फट दोन देशांच्या मनात वीस वर्षं राहते, म्हणून परिशिष्टं वाचायला कंटाळू नका.

यातून मी ज्या मुद्द्याकडे येतोय तो मला सर्वात महत्त्वाचा वाटतो: आपला आकार. सार्कच्या आत पाहिलं तर इतर बहुतेक देशांची सीमा फक्त आपल्याशी लागते किंवा समुद्राशी. नेपाळ-बांगलादेश असो वा भूतान-बांगलादेश, मधे आपण आहोतच. त्यामुळे आपण काहीच न करणं हाही त्यांच्यासाठी एक निर्णय ठरतो. दिल्लीत बसून हे जाणवत नाही. शेजारच्या राजधानीत तीन वर्षं काढली की जाणवतं: आपल्या एखाद्या खात्याचं साधं परिपत्रक तिथल्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर असतं. भारताने नोव्हेंबर २०११ मध्ये सार्कमधल्या अल्पविकसित देशांना २५ वस्तू वगळता सगळ्यावर शून्य शुल्क दिलं. मोठा निर्णय होता आणि त्याचा मला अभिमान आहे. जानेवारी २०१७ मध्ये आपणच बांगलादेश आणि नेपाळच्या तागाच्या मालावर अँटी-डम्पिंग शुल्क (अवाजवी स्वस्त आयात रोखण्यासाठीचं जादा शुल्क) लावलं. त्यामागे आपल्या ताग गिरण्यांची बाजू होती, चौकशी रीतसर झाली होती. पण ढाक्यात तेव्हा २०११ ची आठवण कुणी काढली नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही काढली नसती.

छोट्या देशाची भीती ऐकून घ्यायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो. बांगलादेश, भूतान, भारत, नेपाळ यांचा मोटार वाहन करार १५ जून २०१५ रोजी थिंफूला झाला. पुढच्या वर्षी भूतानच्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, तो फेटाळला. अरुंद डोंगरी रस्ते, पर्यावरण आणि स्वतःच्या ट्रकचालकांची रोजीरोटी हे त्यांचे मुद्दे. आपल्याकडे काहींना हा आडमुठेपणा वाटला. मला तो लोकशाहीने दिलेला शहाणा नकार वाटतो. भूतानने २०१७ मध्ये बाकीच्या तिघांना पुढे जायला सांगितलं आणि स्वतः नंतर येण्याची वाट मोकळी ठेवली. यापेक्षा सभ्य तोडगा मी फार थोडे पाहिले.

आणि जिथे दोघांनाही ताबडतोब काही मिळतं तिथे काम किती सुरळीत होतं तेही पाहा. त्रिपुरात पालाटाणा इथे ७२६ मेगावॉटचं वायूवर चालणारं वीज केंद्र उभारायचं होतं. अवजड टर्बाइन सिलिगुडीच्या वाटेने, ईशान्येच्या घाटांतून नेणं जवळपास अशक्य. बांगलादेशाने ते जलमार्गाने आशुगंजपर्यंत आणि तिथून रस्त्याने आगरतळ्याकडे नेऊ दिलं. मार्च २०१६ पासून त्रिपुरातून १०० मेगावॉट वीज बांगलादेशाला जाऊ लागली. यासाठी कुठल्याही शिखर परिषदेची गरज पडली नाही.

सार्क आणि बिमस्टेकचा विषय तुम्ही काढलात म्हणून माझं मत सांगतो, पण थोडक्यात. सार्कच्या सनदेत सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमतानेच घ्यायचे आणि द्विपक्षीय वाद टेबलावर आणायचे नाहीत अशी तरतूद आहे. एका देशाचा नकार पुरतो. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबाद परिषद झाली नाही, तेव्हापासून शिखर परिषद नाही. दहशतवाद चालू असताना तिथे जाऊन बसायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण सार्क मेली असंही म्हणणार नाही: रिझर्व्ह बँकेची सार्क देशांसाठी २०१२ पासून चलन अदलाबदलीची, म्हणजे अडचणीत तात्पुरतं परकीय चलन देण्याची, सोय आहे आणि जानेवारी २०२२ मध्ये, श्रीलंका संकटात बुडत असताना, तिला त्यातूनच ४० कोटी डॉलर मिळाले. बिमस्टेकची गोष्ट वेगळी. ती १९९७ ची, पण ढाक्यातलं तिचं कायमचं कार्यालय २०१४ साली उघडलं, सनदेवर सह्या मार्च २०२२ मध्ये झाल्या आणि ती लागू झाली मे २०२४ मध्ये. मुक्त व्यापाराचा चौकट करार २००४ चा आहे, अंतिम करार अजून नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला सागरी वाहतुकीच्या करारावर सह्या झाल्या. बंगालच्या उपसागराच्या काठच्या देशांना तो वीस वर्षांपूर्वीच हवा होता.

तुम्ही म्हणता तसा आपसातला व्यापार खरंच कमी आहे. जागतिक बँकेने २०१८ मध्ये हिशेब मांडला की दक्षिण आशियात तो २३ अब्ज डॉलर आहे आणि ६७ अब्ज होऊ शकतो. एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत हेच प्रमाण २५ च्या आसपास. याचं कारण नुसतं शुल्क नाही. पेट्रापोल-बेनापोल ही भारत-बांगलादेश सीमेवरची सर्वात मोठी वाट. तिथे माल पलीकडे जायला कित्येक दिवस लागतात आणि पूर्व आफ्रिकेत तेवढ्याच वर्दळीच्या सीमेवर सहा तासही लागत नाहीत, हे जागतिक बँकेनेच २०२१ मध्ये दाखवून दिलं.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. खाद्यपदार्थांच्या तपासणी प्रमाणपत्रांना दोन्ही देशांनी मान्यता द्यावी असा एक मसुदा मी तयार केला होता. वाटाघाटी छान झाल्या, सही झाली. मसुद्यात ‘मान्यताप्राप्त प्रयोगशाळा’ असा शब्द होता, पण मान्यता कुणी द्यायची आणि यादी कुठे प्रसिद्ध करायची हे मी लिहिलं नव्हतं. सीमेवरच्या अधिकाऱ्याने, अगदी योग्यपणे, ते प्रमाणपत्र नाकारलं, कारण त्याच्याकडे यादीच नव्हती. नमुने पूर्वीसारखेच शेकडो किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेत जात राहिले आणि फळांच्या रसाचे ट्रक उन्हात उभे राहिले. हे मला कळलं सहीनंतर वर्षभराने, तेही त्या नाक्यावर सहज गेलो म्हणून. तिथल्या एका कस्टम्स अधीक्षकाने चहा पाजून मला शांतपणे समजावलं की साहेब, करार आमच्याकडे येत नाही, परिपत्रक येतं. त्यानंतर मी कुठल्याही मसुद्याला संमती देण्यापूर्वी विचारायचो की याचं परिपत्रक कोण काढणार, कुठल्या कायद्याखाली, आणि ते नाक्यावर किती तारखेला पोचेल.

आणि मिळवलेलं परत जातं, हेही तुम्हाला माहीत असायला हवं. बांगलादेशाच्या मालाला तिसऱ्या देशात पाठवण्यासाठी भारतीय विमानतळ आणि बंदरांपर्यंत नेण्याची जी सोय आपण २०२० मध्ये दिली होती, ती एप्रिल २०२५ मध्ये काढून घेतली. बांगलादेशाने भारतीय सुताची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात थांबवली, मे महिन्यात आपण तिथले तयार कपडे खुष्कीच्या मार्गाने येणं बंद केलं. दोन्हीकडे कारणं होती. ज्यांनी त्या सोयींवर वर्षानुवर्षं काम केलं त्या दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांना काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. त्याच वर्षी १५ जूनला मात्र नेपाळची वीज ठरल्या तारखेला बांगलादेशाकडे वाहू लागली. तारीख, दर, मोजणीची जागा, सगळं लिहून ठेवलेलं होतं. ती सुरू करायला कुणाला नव्याने हो म्हणावं लागलं नाही.

शेवटचा प्रश्न, हे काम मागून घ्यावं का. घ्या, पण पहिल्यांदा नको. आधी शेजारच्या देशात नेमणूक घ्या आणि तिथली भाषा शिका. सेवेत एक परकीय भाषा शिकावीच लागते आणि बहुतेकांचा ओढा फ्रेंच, स्पॅनिश, चिनीकडे असतो. नेपाळी, सिंहली, बर्मी निवडणारा माणूस या टेबलावर सोन्यासारखा असतो. बांगला तर आपलीच भाषा आहे, ती नेमणुकीची वाट न पाहता शिकायला घ्या. सीमाशुल्काचा कायदा आणि शुल्काच्या याद्या वाचायची सवय आत्तापासून लावा, त्यात तुमचं अर्थशास्त्र कामाला येईल. आणि नेमणुकीच्या पहिल्या काही महिन्यांत एकदा सीमेवर जा, अधिकारी म्हणून स्वागत करून घ्यायला नव्हे. सकाळी रांगेत लागलेला एक ट्रक निवडा आणि तो पलीकडे जाईपर्यंत त्याच्याबरोबर थांबा. किती टेबलं, प्रत्येक टेबलावर कोणता कागद, कुठल्या शिक्क्यासाठी किती तास, सगळं वहीत उतरवा. त्या वहीतल्या नोंदी मला पुढे पंधरा वर्षं बैठकांत पुरल्या.